स्वतःचा बीसीडी घ्यायचा आहे: जॅकेट, बॅक-इन्फ्लेट की प्लेट-विंग?

सागरगोटी | १२ ऑक्टोबर, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी,

हॅवलॉकला ओपन वॉटर (स्कूबा डायव्हिंगचा पहिला कोर्स) करून दोन वर्षं झाली. आतापर्यंत २६ डाइव्ह झाल्यात. बऱ्याचशा अंदमानात, बाकीच्या नेत्राणी आणि मालवणला, दोन गोव्यात ग्रांद आयलंडला. मास्क, फिन्स, डाइव्ह कॉम्प्युटर स्वतःचं आहे. आता बीसीडी (टाकी पाठीवर धरणारं आणि हवा भरून-सोडून तरंगणं सांभाळणारं जॅकेट) घ्यायचा विचार पक्का झालाय, आणि तो हौसेपोटी नाही.

माझी उंची १५१ सेंमी, वजन ४७ किलो. भाड्याच्या सामानात माझ्या मापाचा बीसीडी जवळजवळ कधीच नसतो. गेल्या मार्चमध्ये नेत्राणीला मला मीडियम जॅकेट मिळालं. कमरेचा पट्टा टोकापर्यंत ओढला तरी पट्टा आणि पोट यांच्यामध्ये माझी मूठ सहज जात होती. पाण्यात उडी मारून हवा भरली तर जॅकेट वर आणि मी खाली, दोन्ही कान कॉलरमध्ये. १२ मीटरवर टाकी डावीकडे घसरली आणि तिच्या मागोमाग मीही कलंडले. अख्खी डाइव्ह मी स्वतःला सरळ करण्यात घालवली. बोटीवर आल्यावर कळलं की बराकुडांचा मोठा थवा डोक्यावरून गेला होता. त्या रात्री मला खरंच रडू आलं.

प्रश्न असे आहेत. तीनपैकी कोणता प्रकार घ्यावा? किती किलो लिफ्टचा, म्हणजे किती वजन तरंगवून धरणारा लागेल? खाली जाण्यासाठी लावतात त्या शिशाचे खिसे बीसीडीतच असावेत की वेगळा वेटबेल्ट बरा? ३ मिमीचा फुल सूट घालते आणि मला साधारण ८ किलो शिसं देतात. वर्षातून एकदा अंदमान आणि दोनदा मालवण एवढंच जमतं, त्यामुळे विमानातलं वजनही बघावं लागतं.

---

निवतीकर | १२ ऑक्टोबर, रात्री ११.०५

ताई, बीसीडीचं मागाहून बघू. आधी ते ८ किलो कुठून आले ते सांगा.

मी मालवणात बारा वर्षं डाइव्ह मास्टर म्हणून काम करतो. ४७ किलोच्या बाईला, ३ मिमी सूटवर, ॲल्युमिनियमच्या टाकीबरोबर ८ किलो म्हणजे जवळजवळ दुप्पट. असं का देतात तेही सांगतो. बोटीवर दहा पाहुणे असतात, पाणी गढूळ असतं, एखादा खाली जात नाही म्हणून सगळा ग्रुप दोरीवर लटकून राहतो. मग दोन तुकडे जास्तच दिले जातात, म्हणजे माणूस सरळ खाली. नवीन माणूस घाबरून छातीत श्वास धरून ठेवतो, त्याला पहिल्या दिवशी ते लागतंही. पण तोच आकडा त्याच्या लॉगबुकात बसतो आणि पुढे वर्षानुवर्षं तो तेवढंच शिसं मागत राहतो.

आता हे बीसीडीच्या धाग्यात का, तर तुमच्या अंगावर ४ किलो फालतू शिसं असेल, तर ते उचलून धरायला बीसीडीत ४ लिटर फालतू हवा ठेवावी लागते. १० मीटरवर दाब २ बार, ५ मीटरवर दीड बार. म्हणजे खाली भरलेले ४ लिटर तुम्ही ५ मीटरपर्यंत वर येईतो सव्वापाच लिटर होतात. सव्वा किलोची ओढ आपोआप वाढली, तुम्ही बटणाला हातही न लावता. सेफ्टी स्टॉपला (वर येताना ५ मीटरवर थोडा वेळ थांबतात तेव्हा) माणसं वर का सुटतात, त्याचं निम्मं उत्तर इथे आहे. शिवाय शिसं कमरेला आणि हवा छातीला, म्हणून पाय खाली, डोकं वर. मग फिन मारली की पुढे जायच्या ऐवजी माणूस वर जातो आणि खालचा गाळ उडवतो.

तपासायची रीत अशी. डाइव्ह संपल्यावर टाकीत ५० बार उरले असताना पृष्ठभागावर उभं राहायचं, बीसीडी पूर्ण रिकामा करायचा, नेहमीसारखा श्वास घेऊन धरायचा, पाय हलवायचे नाहीत. पाणी डोळ्यांच्या रेषेला आलं पाहिजे. श्वास सोडला की हळूहळू बुडायला हवं. दगडासारखे गेलात तर एकेक किलो कमी करा. भरलेल्या टाकीवर तपासलंत तर वर २ किलो धरा, कारण ११ लिटरच्या टाकीत २०० पासून ५० बारपर्यंत जी हवा आपण ओढतो तिचं वजनच २ किलो असतं.

हे करून आकडा कळवा. त्याशिवाय लिफ्टबद्दल कुणीही काहीही सांगितलं तरी तो अंदाजच.

---

कातळशिल्प | १३ ऑक्टोबर, सकाळी ८.१५

निवतीकरांशी सहमत. पण जॅकेटची बाजू मांडतो, कारण थोड्या वेळात इथे प्लेट-विंगवाले येतील.

माझं जॅकेट अकरा वर्षांचं आहे. पृष्ठभागावर बोटीची वाट बघत अर्धा तास लाटांत थांबावं लागलं तर जॅकेटसारखा आधार नाही, पाण्यातून छाती वर राहते. खिसे मोठे, त्यात मार्कर बॉय (पाण्यावर खूण म्हणून सोडायचा फुगा) आणि त्याच्या दोरीचं रीळ मावतं. शिकताना तेच वापरलेलं असल्यामुळे हात आपोआप हवा सोडायच्या योग्य दोरीवर जातात. सागरगोटी यांची अडचण जॅकेटची नाही, मापाची आहे. एक्स्ट्रा स्मॉल जॅकेट घालून बघितल्याशिवाय तो प्रकारच बाद करू नये असं मला मनापासून वाटतं.

फक्त एक गोष्ट. जॅकेट पूर्ण फुगवलं की ते बरगड्या आवळतं. दुकानात घालून तोंडाने पूर्ण फुगवा आणि मग खोल श्वास घेऊन बघा. घेता आला नाही तर ते माप तुमचं नाही.

---

फुजैरावारी | १३ ऑक्टोबर, दुपारी २.३०

आलोच प्लेट-विंगवाला. :)

मूळचा डोंबिवलीचा, १४ वर्षं दुबईत. शुक्रवार-शनिवारी फुजैराकडे, दिब्बा रॉक नाहीतर स्नूपी आयलंड. उन्हाळ्यात पाणी तिशीच्या पुढे, जानेवारीत २२-२३, तेव्हा ५ मिमी लागतो. म्हणजे वर्षभरात माझं शिसं दोनदा बदलतं, पण हार्नेस तोच.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: पाठीवर धातूची एक प्लेट, तिच्यातून ओवलेला ५ सेंमी रुंदीचा एकच अखंड पट्टा, खांद्यावरून कमरेपर्यंत. पायांमधून जाणारा एक पट्टा. प्लेट आणि टाकी यांच्यामध्ये हवेची पिशवी, तीच विंग. ही मांडणी फ्लोरिडाच्या पाण्याखालच्या गुहांमध्ये पोहणाऱ्यांनी घडवली. तिथल्या बिल हॉगार्थ मेन या केव्ह डाइव्हरच्या नावावरून या साध्या, कमीत कमी सामानाच्या पद्धतीला आजही हॉगार्थियन म्हणतात. गुहेत छत असतं, वर जाता येत नाही, म्हणून शरीर आडवं राहणं आणि काहीही लोंबकळत न राहणं या दोन गोष्टींवर सगळा भर.

सागरगोटी, तुझ्यासाठी यातली महत्त्वाची गोष्ट एकच: याला स्मॉल-मीडियम-लार्ज नसतं. पट्टा तुझ्या खांद्यापासून तुझ्या कमरेपर्यंत जेवढा लागेल तेवढा ठेवायचा, उरलेला कापून टाकायचा. पायांमधल्या पट्ट्यामुळे तो वर सरकूच शकत नाही. नेत्राणीला जे झालं ते इथे होणार नाही. मात्र नेहमीची प्लेट तुझ्या उंचीला लांब पडेल, खालची कड माकडहाडाला टोचेल. आखूड प्लेट मिळते, तीच बघ.

लिफ्टचा हिशोब दोन बाजूंनी करायचा.

एक, तू घातलेलं असताना. भरलेल्या टाकीतली हवा साधारण पावणेतीन किलो. सूट खोलवर दाबला जाऊन त्याची तरंगण्याची ताकद जाते ती, ३ मिमीला आणि तुझ्या अंगाला, फार तर दीड-दोन किलो. झाले साडेचार-पाच.

दोन, तू काढून पाण्यात सोडलास तर. प्लेट, रेग्युलेटर (टाकीतून श्वास घ्यायचं यंत्र), भरलेली टाकी आणि त्यावर लावलेलं शिसं एवढं सगळं स्वतः तरंगलं पाहिजे. तुझ्या बाबतीत तेही सहा-सात किलोच्या वर जात नाही.

म्हणजे ११ ते १३ किलोची विंग भरपूर झाली. २० किलोची घेऊ नकोस. मोठ्या पिशवीत थोडी हवा भरली की ती इकडून तिकडे पळते, आणि रिकामी झाली तरी कडेला हवेचे कप्पे अडकून राहतात.

स्टीलची प्लेट अडीच-तीन किलोची, ॲल्युमिनियमची एक किलोच्या आसपास. मी स्टील वापरतो, कारण तेवढं शिसं कमी होतं. तुला विमानाने जायचं आहे, तू ॲल्युमिनियम घे. शिसं काय, कुठल्याही बोटीवर मिळतं.

---

मृगजळ | १३ ऑक्टोबर, रात्री १०.२०

सागरगोटी, तुझी पोस्ट वाचून मला माझे पहिले दिवस आठवले. मी १५४ सेंमी. मला एकदा 'मॅडम, ॲडजस्ट करा' असं सांगून पुरुषांचं लार्ज दिलं होतं. पाण्याखाली ॲडजस्ट काय करणार? पहिल्या तीस डाइव्ह मला वाटत होतं की माझ्यातच काहीतरी कमी आहे, मला हे जमण्यासारखं नाही. मापाचा बीसीडी घातला त्या दिवशी कळलं की कमी माझ्यात नव्हतीच. हे मुद्दाम लिहितेय, कारण तू त्या रात्री रडलीस असं लिहिलंस.

मी बॅक-इन्फ्लेट वापरते, बायकांसाठीचं मॉडेल. पाठ आखूड असते, खांद्याचे पट्टे छातीच्या बाहेरून वळतात. हवा सगळी पाठीमागे, त्यामुळे पुढून मोकळं, पण पट्टे-बकल-खिसे जॅकेटसारखेच. प्लेट-विंग अंगावर चढवायला पहिल्यांदा जी कसरत होते ती इथे नाही.

घालून बघताना काय बघायचं:

टी-शर्टवर बघू नकोस, सूट घेऊन जा आणि दुकानात सूटवर घाल. सगळे पट्टे आवळल्यावर कुणालातरी मागून खांद्याला धरून उचलायला सांग. दोन बोटांपेक्षा जास्त वर सरकला तर मोठा आहे. कमरेचा पट्टा पूर्ण ओढल्यावरही टोकाला थोडा शिल्लक राहिला पाहिजे, कारण खाली सूट पातळ होतो आणि पट्टा आणखी ओढावा लागतो. मग डोळे मिटून प्रत्येक डंपची, म्हणजे हवा सोडायच्या झडपेची, दोरी हाताने शोध. उजव्या कमरेमागची सापडते का? आपले हात आखूड असतात, काही मॉडेलांत ती दोरी टाकीच्या मागे जाऊन बसते.

---

सागरगोटी | १४ ऑक्टोबर, सकाळी ७.५०

सगळ्यांचे मनापासून आभार. मृगजळ, तुझी पोस्ट दोनदा वाचली.

दोन शंका आहेत. हवा पाठीमागे असेल तर पृष्ठभागावर तोंड पाण्यात ढकललं जातं असं माझ्या इन्स्ट्रक्टरने सांगितलं होतं. आणि खिशातलं शिसं की बेल्ट, हे राहिलंच.

---

फुजैरावारी | १४ ऑक्टोबर, दुपारी १.१०

तोंड पुढे ढकललं जातं, हे खरं आहे, पण त्याची कारणं दोन आणि दोन्ही हातातली. पहिलं म्हणजे वर आल्यावर माणूस विंग टम्म फुगवतो. हनुवटी पाण्यावर राहील एवढीच हवा भर आणि आरामखुर्चीत बसल्यासारखी मागे रेल. दुसरं कारण टाकी. ॲल्युमिनियमची टाकी रिकामी होत आली की स्वतःच तरंगते, जवळजवळ दोन किलोने वर ओढते. ती पाठीमागून वर येते, शिसं सगळं पोटाशी, मग माणूस पुढे कलंडणारच. एक-दोन किलो टाकीच्या पट्ट्यावर मागे लावलं की हे जातं.

इथे सगळ्यांसाठी एक गोष्ट स्पष्ट लिहितो. जॅकेट असो, विंग असो, बीसीडी म्हणजे लाइफ जॅकेट नाही. शुद्ध हरपलेल्या माणसाचं तोंड तो पाण्याबाहेर ठेवेलच असं नाही. त्या भरवशावर कुणीही निवड करू नये. तो भरवसा फक्त शेजारच्या जोडीदाराचा.

---

कातळशिल्प | १४ ऑक्टोबर, संध्या. ६.४५

शिशाबद्दल. बीसीडीतले खिसे कमरेला सुखाचे, पण त्यांचं कुलूप नीट तपासा. माझ्या ओळखीच्या एकाचा डावा खिसा १४ मीटरवर सुटून गेला, ३ किलो एका क्षणात. तो उलटा होऊन बॉयच्या दोरीला पायाने अडकला म्हणून वाचला. खिसा खटकन बसला की नाही हे पाण्यात उतरण्यापूर्वी ओढून बघायचं, आणि ते जोडीदाराने बघायचं. पहिल्याच दिवशी खिशाचा वेलक्रो किंवा चिमटा सैल वाटला तर ते मॉडेल नको.

बारीक अंगाच्या माणसाला बेल्टचा वेगळा त्रास. सूट दाबला जातो, बेल्ट सैल होतो आणि कंबरेवरून खाली घसरतो. शिसं थोडं असेल तर निम्मं बेल्टला, निम्मं मागे. म्हणजे प्रसंग आला तर टाकून देण्यासारखं काहीतरी हाताशी राहतं, आणि सगळं एकदम जाणारही नाही.

---

निवतीकर | १५ ऑक्टोबर, रात्री १२.२०

बोटीचं काम आवरून लिहितोय.

कुठलाही घ्या, पण इन्फ्लेटर (हवा भरायचं बटण असलेली नळी) धुवायची सवय लावून घ्या. दोन वर्षांपूर्वी एका पाहुण्याच्या स्वतःच्या बीसीडीचं बटण ९ मीटरवर अडकलं. मी पाठमोरा होतो. पाण्याखाली बुडबुड्यांचा आवाज सारखा चालूच असतो, पण हा वेगळा होता, कुकरची शिट्टी व्हायच्या आधी वाफ निघते तसा बारीक आणि न थांबणारा. वळलो तर गृहस्थ वर निघालेले. एका हाताने त्यांच्या कमरेमागची डंपची दोरी ओढून धरली, दुसऱ्या हाताने इन्फ्लेटरला टाकीची हवा देणारा होज, त्याची कॉलर मागे खेचून, काढला. ५ मीटरवर थांबलो. संध्याकाळी बटण खोललं तर आत खडीसाखरेसारखे मिठाचे खडे आणि पितळेवर हिरवट बुरशीसारखा थर. आठ महिने माळ्यावर होता म्हणाले, मालवणातून नेला तसाच.

म्हणून तो होज काढायचा सराव प्रत्येकाने करावा, डोळे मिटून, दहा वेळा. तुमच्या बोटांना ती कॉलर ओढता येते का, हे दुकानातच बघा.

धुवायची रीत: डाइव्हनंतर आतलं खारं पाणी आधी काढून टाका. मग इन्फ्लेटरच्या तोंडातून एक-दोन लिटर गोडं पाणी आत, तोंडाने थोडं फुगवून सगळीकडे खळखळवायचं, सगळ्या डंपमधून बाहेर. दोनदा. बटणं पाण्याखाली दाबायची. अर्धवट फुगवून सावलीत टांगायचा, उन्हात नाही. वर्षातून एकदा सर्व्हिसिंग.

सेकंडहँड घेत असाल तर जास्तीचा दाब सोडणारा व्हॉल्व्ह फुसफुसेपर्यंत भरा आणि रात्रभर ठेवा. सकाळी मऊ पडला तर नको. नळीच्या वळ्या ताणून आत भेगा बघा. ज्यांच्या इन्फ्लेटरमध्येच दुसरं रेग्युलेटर असतं त्यांचा होज नेहमीच्या जोडाचा नसतो, तो तुमच्या रेग्युलेटरवर बसतो का ते विचारा.

आणि टाकी घसरली म्हणालात. टाकीचा पट्टा आधी पाण्यात भिजवून मग आवळायचा असतो. नायलॉन भिजलं की सैल पडतं. कोरडा आवळला आणि पाण्यात गेलात की टाकी घसरते. त्या दिवशी तुमची टाकी मोठ्या जॅकेटमुळे घसरली की कोरड्या पट्ट्यामुळे, हे इथून सांगता येणार नाही, पण पुढच्या वेळी बादलीभर पाणी ओतून बघा.

---

सागरगोटी | ९ डिसेंबर, रात्री ८.३०

मंडळी, उशीर झाला, पण सगळं करूनच लिहायचं ठरवलं होतं.

आधी पुण्यात तलावात वजन तपासलं. तिथे २ किलोत बसले. मग लक्षात आलं की गोड्या पाण्यापेक्षा समुद्राचं पाणी अडीच टक्क्यांनी जड. मी आणि सामान मिळून ७० किलोच्या आसपास, म्हणजे समुद्रात जवळपास पावणेदोन किलो जास्त लागणार. नोव्हेंबरच्या शेवटी मालवणात निवतीकर दादांनी स्वतः दोरीला धरून तपासलं. आकडा आला ४ किलो! दोन वर्षं मी दुप्पट शिसं घेऊन फिरत होते.

त्याच दोन दिवसांत तिन्ही प्रकार घालून बघितले. एक्स्ट्रा स्मॉल जॅकेट, कातळशिल्प म्हणाले तसं, खरंच वाईट नव्हतं, पण पूर्ण फुगवल्यावर बरगड्यांना लागलं. मृगजळच्या प्रकारचा बॅक-इन्फ्लेट खूप आवडला, पण त्याचं वजन सव्वातीन किलो भरलं, आणि देशांतर्गत विमानात मला मिळतात १५ किलो. शेवटी आखूड ॲल्युमिनियम प्लेट, एकसंध हार्नेस आणि १३ किलोची विंग घेतली. पट्टा बसवायला घरी तीन संध्याकाळी गेल्या. आई सुईदोरा घेऊन शेजारी बसली होती, तिला वाटलं पिशवी शिवतेय. शेवटी मेणबत्तीवर पट्ट्याचं कापलेलं टोक तिनेच जाळून बंद करून दिलं.

परवा पहिली डाइव्ह. पाणी गढूळच होतं, चार-पाच मीटरच दिसत होतं. टाकीचा पट्टा भिजवला. २ किलो बेल्टला, १ किलो टाकीच्या पट्ट्यावर, उरलेलं प्लेटचं. ५ मीटरवर सेफ्टी स्टॉपला थांबलो तेव्हा दोरी माझ्यापासून हातभर लांब होती आणि मी ती धरली नाही. तीन मिनिटं. श्वास घेतला की तळहाताएवढी वर, सोडला की तेवढीच खाली. माझ्या समोर दोरीवर एक छोटं शेवाळ होतं, ते संपूर्ण तीन मिनिटं माझ्या नाकासमोरच राहिलं.

एकच तक्रार: पायांमधला पट्टा मांडीला काचतोय. लाल वळ उठलाय.

---

निवतीकर | ९ डिसेंबर, रात्री ९.१५

उभ्याने मापलात ना? आडवं झाल्यावर तो आणखी ताणला जातो. दोन बोटं सैल करा, आणि सूट घालून, पुढे वाकून परत माप घ्या. उरलेला पट्टा आत्ताच कापू नका.